घर तिनेच विकलं

हे घडलंय. माझ्यासोबत घडलंय. कुणी खोटं म्हटलं तर म्हणू दे, पण ते घर आज दुसऱ्यांच्या नावावर आहे आणि ते मी विकलेलं नाही.

रात्रबित्र नव्हती. गेल्या थंडीतला रविवार, भर दुपार. दुसऱ्या मजल्यावरचं आमचं घर, खिडक्या सताड उघड्या.

आमचं म्हणते खरं. घर तिचं होतं.

ती म्हणजे यांची पहिली बायको. ती आजारपणात गेली आणि काही वर्षांनी मी त्या घरात आले. पडदे तिच्या पसंतीचे, कपाटं तिने मापं देऊन करून घेतलेली. शेजारीण जिन्यात भेटली तरी म्हणायची, "आधीच्या वहिनींच्या वेळी तुमचं घर कसं आरशासारखं असायचं."

मेलेल्या बाईचा कोण कशाला मत्सर करेल? मी करायचे. अगदी मनापासून करायचे.

म्हणूनच घर विकायचा लकडा मी लावला. यांना तिथून बाहेर काढायचं होतं, बस्स.

एजंट आला, घरभर फिरला.

"वहिनी, बाजार थंड आहे. लोक येतात, नळ सोडून बघतात, भिंतीवर टिचक्या मारतात, 'कळवतो' म्हणतात. कळवत कुणीच नाही. भिंतींना फिका रंग द्या, फोटो काढा. इथे कोण राहत होतं ते दिसता कामा नये."

इतकं आवडीचं काम मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. पडदे काढले. तिचा फोटो ट्रंकेत गेला. स्वयंपाकघराचा पिवळा रंग तिने निवडलेला, त्यावर पांढऱ्या रंगाचा हात मी स्वतः मारला.

मग किमतीचा प्रश्न आला. यांनी आकडा सांगितला आणि एजंटने पेन खाली ठेवलं.

"साहेब, चांगल्या दिवसांतही एवढे कुणी दिले नसते."

"मग राहू दे," हे म्हणाले.

काय समजायचं ते मी समजले. यांना घर विकायचंच नव्हतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

लोक आले. कळवतो म्हणाले. गेले.

त्या रविवारी एक जोडपं आलं. नवरा हॉलमध्ये एजंटशी बोलत बसला, बायको एकटीच स्वयंपाकघरात गेली. मी हॉलमध्येच उभी होते. हे बाल्कनीत, आमच्याकडे पाठ करून.

आणि आतून आवाज आला...

दोन बायकांचा.

एक त्या बाईचा. दुसरा हळू, हसरा... शब्द कळत नव्हते. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. लावल्याचा आला.

मग दोघी हसल्या.

मला वाटलं, शेजारीण घुसली असेल. पण स्वयंपाकघराला दार एकच, आणि त्या दारावर माझी नजर होती.

बाई बाहेर आली ती खूश होऊन.

"तुमच्या थोरल्या जाऊबाई किती मोकळ्या आहेत हो. सगळं दाखवलं. ओट्याखालच्या कपाटाचं दार जरा उचलून लावायचं, म्हणजे बसतं. ऊन कुठून येतं तेसुद्धा सांगितलं."

ते दार मी इतकी वर्षं लाथेने लावत होते.

"कोण... कुठे आहेत त्या?"

"आतच आहेत की."

मी आत गेले.

कुणी नव्हतं. ओट्याखालचं कपाट नीट लागलेलं होतं. नव्या रंगाचा वास घरभर होता. तिथे मात्र... अजिबात नव्हता.

बाहेर येऊन मी तोंड उघडणार, तेवढ्यात एजंटने डोळ्यांनीच गप्प केलं. कारण त्या बाईचा नवरा भाव विचारत होता, आणि ती त्याला सांगत होती, "घासाघीस नको. ते एक पैसाही कमी करणार नाहीत असं त्या म्हणाल्या. पण घर चांगलं आहे."

त्यांनी यांचाच आकडा मान्य केला. एजंट बघतच राहिला.

सगळे गेल्यावर मी यांना काय झालं ते सांगितलं. वाटलं, घाबरतील. निदान मला वेड्यात तरी काढतील.

यांनी फक्त विचारलं, "बरी दिसत होती का ती? त्या बाई काही म्हणाल्या?"

इतक्या हळुवार आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

आम्ही नव्या घरी आलो. पडदे माझ्या पसंतीचे, कपाटं माझ्या मापाची. मला वाटलं, जिंकले.

मग एका संध्याकाळी त्या बाईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग तिने आवाज खाली केला.

"सांगू की नको, कळत नव्हतं. पण माझ्या नवऱ्याचं असं काही असतं, तर मला कुणीतरी सांगावं असंच वाटलं असतं... तुमचे मिस्टर रोज संध्याकाळी इथे येतात. खाली बाकावर त्या थोरल्या जाऊबाईंबरोबर बसतात. आत्ताही बसलेत. खिडकीतून दिसतायत मला."

मी समोर पाहिलं.

हे समोरच्या खुर्चीत होते. मांडीवर वर्तमानपत्र. डोळे उघडे, भिंतीकडे लागलेले... पापणी हलत नव्हती.

"अहो," मी हाक मारली.

"हं," म्हणाले.

मी घाबरायला हवं होतं. फोन टाकून यांना गदागदा हलवायला हवं होतं. पण माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"हसतात का हो ते तिथे?"

ती अवघडली. "आता काय सांगू... हो. पोट धरून हसतात."

लग्न झाल्यापासून मी यांना तसं हसताना एकदाही पाहिलेलं नाही.

हल्ली संध्याकाळ झाली की मी यांच्याजवळ जाऊन बसते. हात हातात घेते. हात गरम असतो. ते तो सोडवून घेत नाहीत.

पण धरतही नाहीत.