वहिनींच्या हातची चव

हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय.

आत्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. काचेखाली दिसतं तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा तिचा स्वभावच झालाय. तिनं मला जसं सांगितलं, तसंच मी तुम्हाला सांगतोय.

गेल्या हिवाळ्यातला शनिवार. शहराबाहेरच्या तळ्याचा काठ. नुकताच अंधार पडलेला.

आत्याचं लग्न उशिरा झालं. काका लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांची पहिली बायको आजारपणात गेली, आणि काही वर्षांनी या दोघांनी लग्न केलं. माणूस चांगला. आत्याला नावं ठेवायला जागा नाही.

पण एक गोष्ट तिला सलायची.

काका आणि त्यांचे दोन जिवलग मित्र दर हिवाळ्यात त्या तळ्याकाठी तंबू ठोकायचे. एकाचं चष्म्याचं दुकान. दुसरा शाळेत खेळ शिकवणारा, त्याला सगळे शिट्टी म्हणतात. तिथल्या जेवणाच्या गप्पा त्यांना वर्षभर पुरायच्या. आणि ते जेवण करायची काकांची पहिली बायको.

मित्र तिला वहिनी म्हणायचे.

आता ते आत्यालाही वहिनीच म्हणतात.

त्यामुळे कुणी "वहिनींच्या हातचं चिकन" म्हटलं, की आत्या हसून मान वर करायची. मग लक्षात यायचं, हे आपल्याबद्दल नाहीच.

"गेलेल्या बाईशी भांडणार कसं?" आत्या मला म्हणाली. "तिचं कधी काही बिघडतच नाही ना."

म्हणून गेल्या वर्षी तीही गेली. घरूनच चिकनला लिंबू, मिरपूड लावून नेलं. लसूण अजिबात नाही. लसणाच्या वासानं आत्याला मळमळतं. तिच्या घरात तो येतच नाही.

सुरुवात छान झाली. निखाऱ्यात भाजायला बटाटे काढून ठेवले. शिट्टीनं तंबू उलटा उभा केला, त्यावरून सगळे पोट धरून हसले. आत्यालाही मजा येत होती.

चुलीजवळ एक सपाट दगड होता. तिघंही तो सोडून बाजूला बसले.

तिथे वहिनी बसायच्या, असं चष्मेवाले ओशाळून म्हणाले.

आत्या उठली आणि मुद्दाम त्याच दगडावर जाऊन बसली.

थंडी मी म्हणत होती. चूल नुकती पेटत होती. आणि दगड...

ऊबदार होता.

कुणीतरी आत्ताच उठून जागा करून दिल्यासारखा.

आत्या दगडावरून उठली. पातेलं चढवलं आणि हात धुवायला तळ्यावर गेली. तिघं पुरुष पलीकडे तंबूच्या दोऱ्या ताणत होते, ते तिला पाण्याजवळूनही दिसत होते.

परत आली, तर पातेल्यावरचं झाकण खाली गवतावर ठेवलेलं.

डाव ओला.

आणि वास...

करपवलेल्या लसणाचा.

तिनं तिघांनाही विचारलं. कुणी चुलीकडे फिरकलंच नव्हतं. मग ताटल्या मांडल्या गेल्या. शिट्टी आगीजवळ मांडी ठोकून बसला आणि म्हणाला, वहिनी, वाढा आता.

आत्यानं तोंड उघडलं.

त्याआधीच तंबूमागून उत्तर आलं...

"आले हं."

दमलेला, मायेचा आवाज.

मित्रांना वाटलं आत्याच बोलली. ते आपल्या गप्पांत होते. फक्त काकांचा हात ताटलीवर थांबला. ते तंबूकडे बघत राहिले.

"त्यांचा चेहरा कसा झाला होता माहितीये?" आत्या म्हणाली. "माझ्याकडे बघून तसा कधीच झाला नाही रे."

ती वाढत गेली.

सगळ्यांनी पहिला घास घेतला. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. शिट्टीनं विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं?

"मी यात लसूण घातलेला नाही," आत्या म्हणाली.

कुणी ऐकलंच नाही.

तिनंही चव घेतली. इतकं चविष्ट चिकन तिनं जन्मात खाल्लं नव्हतं. मळमळलंसुद्धा नाही. तेच तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

"अगदी तिच्यासारखं झालंय," काका म्हणाले. आणि ताटली पुढे केली, अजून वाढ म्हणून.

आत्या बॅटरी घेऊन तंबूमागे गेली. कुणी नव्हतं. गवत मात्र बसल्यासारखं दबलेलं. आणि त्यावर...

लसणाची सालं. ताजी.

"भीती नाही वाटली," ती म्हणते. "राग आला. मी हळूच म्हटलं, झालं ना तुमच्या मनासारखं? आता जा."

मागे आगीजवळ काका मनमोकळं हसत होते. तसं हसू तिनं आपल्या घरात ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर काका तेच चिकन मागू लागले. आत्यानं नाक दाबून लसूण आणला, करपवला, जमेल तसं केलं. चव आली नाही. काका अर्धं खायचे आणि उठायचे.

मग त्यांनी मागणं सोडून दिलं.

हल्ली ते मधूनच शनिवारी एकटे तळ्यावर जातात. मित्रांना सांगत नाहीत. आत्यानं एकदा गाडीत डोकावून बघितलं. तंबू होता, पांघरूण होतं. भांडं नाही, तांदूळ नाही, साधी काडेपेटीसुद्धा नाही.

रविवारी दुपारी परत येतात. ती पान घ्यायला लागली, की नको म्हणतात.

"जेवून आलोय."

कुठे, ते आत्या विचारत नाही.

मी गेल्याच आठवड्यात त्यांच्याकडे गेलो होतो. आत्या पार वाळलीये.

काका मात्र...

चांगले भरलेत अंगानं.