रेषेच्या मागे

"काम तसं साधंच होतं. ओढ्यापर्यंत जायचं, एक आकडा घ्यायचा आणि परत यायचं."

एवढं बोलून सासऱ्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. गॅलरीत अंधार होता. साडेआठला गेलेले दिवे दहा वाजून गेले तरी आले नव्हते. नणंद कठड्याला पाठ लावून बसली होती, नवरा खुर्चीत, आणि नवी सून दाराच्या उंबऱ्यावर, अर्धी आत, अर्धी बाहेर. चार महिन्यांत या घरात तिला सापडलेली ही तिची जागा.

खरं तर तिने गोष्ट मागितलीच नव्हती. तिने विचारलं होतं, "बाबा, आमच्या गावची गाडी कधी सुरू होईल?"

लग्न ठरताना याच घरातून सांगण्यात आलं होतं, की दोन वर्षांत रेल्वे मुलीच्या गावापर्यंत जाणार. मग काय, सकाळी माहेरी, संध्याकाळी परत. सध्या घाटातून बसला नऊ तास लागत. तिच्या आईच्या हृदयाचं ऑपरेशन इथल्या मोठ्या हॉस्पिटलात व्हायला हवं होतं आणि गावातले डॉक्टर म्हणत होते, हा घाट त्यांना झेपणार नाही. अँब्युलन्सही शेवटी त्याच घाटाने येणार. आई फोनवर हसायची. "गाडी येऊ दे, मग येते. बसच्या गर्दीत माझी चप्पल राहत नाही, तुला माहीत आहे." आईच्या डाव्या पायाला सहा बोटं होती. तिच्या मापाची चप्पल कुठल्याच दुकानात मिळत नसे.

सासरे रेल्वेच्या सर्वे खात्यातून निवृत्त झालेले. कधी होईल ते त्यांना विचारायचं नाही तर कोणाला?

"माझ्या ओळखीचा एक सर्वेअर होता," ते म्हणाले. "चार वर्षांपूर्वीची गोष्ट. सतरा नोव्हेंबर, मंगळवार."

"भुताची असेल तर आधी सांगा," नणंद म्हणाली. "मी मध्ये येऊन बसते."

"मग ये मध्ये."

नणंद खरंच सरकली. नवरा हसला. सून हसली नाही. तिने प्रश्न विचारला होता आणि उत्तर भुताने सुरू होत होतं. हे काही बरं लक्षण नव्हतं.

"तर सर्वेचा अहवाल दुसऱ्या दिवशी दहाला द्यायचा. सगळी लाइन मोजून झालेली. फक्त शेवटच्या ठिकाणचा, ओढ्यापलीकडचा, जिथे स्टेशन व्हायचं तिथला आकडा वहीत नव्हता. कोणीतरी लिहायचा विसरलेला. तो नसला की मागची सगळी बेरीज लोंबकळत राहते. नवं यंत्र दुसऱ्या तुकडीने नेलेलं. म्हणून त्याने कपाटातली जुनी दुर्बीण काढली, ड्रायव्हरला बरोबर घेतलं आणि निघाला."

"म्हणजे आपल्या माळ्यावर आहे तसली?" नवऱ्याने विचारलं. "ज्यातून सगळं उलटं दिसतं?"

"तसलीच. तिच्यात झाड खाली डोकं वर मूळ, माणूस खाली डोकं वर पाय. आमची जन्मभराची सवय. उलटं बघायचं, सरळ लिहायचं." ते थांबले. "त्यांची, म्हणजे सर्वेअर लोकांची."

सुनेने ते ऐकलं. अंधारात कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

"आता त्या गावात एक माणूस होता. दर सर्वेला पट्टी धरायला तोच यायचा. पट्टी म्हणजे माणसाच्या दुप्पट उंचीची, आकडे रंगवलेली. दुसऱ्या टोकाला उभी धरायची आणि हलकेच मागे-पुढे झुलवायची, म्हणजे आकडा बरोबर वाचता येतो. त्याच्यासारखी कोणी झुलवत नसे. तीन सर्वे झाले, तिन्ही वेळा तोच. गाव त्याला म्हणायचं..."

"स्टेशनमास्तर," सून म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. एवढ्या मोठ्याने ती या घरात प्रथमच बोलली असावी.

"आम्ही शाळेतून येताना तो ओढ्यापलीकडे असायचा," ती म्हणाली. "जमिनीवर चुन्याची रेघ मारायचा आणि आम्हाला ओळीने उभं करायचा. रेषेच्या मागे राहा, गाडी येते आहे. एकदा माझी आई पण उभी राहिली होती, बाजाराची पिशवी घेऊन. मी लहान होते. मला वाटायचं, खरंच येईल."

सासरे खुर्चीत पुढे वाकले.

"मग तो कसा गेला तेही तुला ठाऊक असेल."

"खड्ड्यात पडून."

"हो. तिसऱ्या सर्वेच्या वेळी पुलाच्या पायासाठी माती तपासायला खड्डा खणला होता. चौदा फूट. मग काम थांबवायचा हुकूम आला. कायदा असा, की खड्डा बुजवूनच निघायचं. पण त्या सर्वेअरने विचार केला, वर्षभरात परत यायचंच आहे, पुन्हा कशाला खणा. वर चार फळ्या टाकल्या आणि निघाला. सगळेच असं करतात." त्यांनी हाताने तोंड पुसलं. "परत यायला नऊ वर्षं लागली. आणि स्टेशनमास्तर रोज संध्याकाळी त्या खड्ड्यावर पहारा द्यायला जायचा. रेल्वेची वस्तू म्हणून. फळ्या कुजल्या. तो डोक्यावर पडला. तिसऱ्या दिवशी कोणीतरी वाकून पाहिलं, तर फक्त पायांचे तळवे दिसत होते."

नणंदेने पाय जवळ ओढून घेतले.

"तर त्या मंगळवारी संध्याकाळचे सव्वासहा वाजलेले. उजेड जेमतेम. सर्वेअरने अलीकडच्या काठावर दुर्बीण लावली. ड्रायव्हरला म्हणाला, पट्टी घेऊन पलीकडे जा, पांढरा दगड आहे त्याच्या शेजारी उभी धर, बॅटरीचा उजेड पट्टीवर टाक. आणि दुर्बीण समतल करत बसला. मग डोळा लावला. पट्टी दिसली. पट्टीवर उजेड होता. कोणीतरी हलकेच झुलवत होतं. मागे... पुढे... मागे. अगदी बरोबर. एक पॉइंट चार आठ पाच. त्याने वहीत लिहिलं."

"मग?"

"पुन्हा डोळा लावला. खात्री करायला. पट्टी उलटी. बरोबर. दगड उलटा. बरोबर. पट्टीशेजारी माणूस." ते थांबले. "माणूस सरळ होता."

नवऱ्याची खुर्ची करकरली.

"सरळ. डोकं वर, पाय खाली. आधी त्याला काहीच वाटलं नाही. माणूस सरळच असतो. मग लक्षात आलं... या दुर्बिणीतून आजवर एकही माणूस सरळ दिसला नव्हता."

खाली रस्त्यावरून एक सायकल गेली. तिचा आवाज संपेपर्यंत ते थांबले.

"त्याने डोळा काढला नाही. काढला तर नुसत्या डोळ्यांनी बघावं लागलं असतं... ते जसं होतं तसं, खाली डोकं वर पाय. तेवढ्यात मागून आवाज आला. साहेब, बॅटरी गाडीतच राहिली होती, आता निघतो. ड्रायव्हर मागे उभा होता. पट्टी त्याच्या खांद्यावर."

"बाबा, पुरे," नणंद म्हणाली.

"उजेड विझला. पलीकडे काही नाही. नुसता काठ. ते दोघं गेले तिथे. जायलाच हवं होतं... त्याला तरी. दगडाशेजारी ओली माती होती. पट्टीच्या तळाचा चौकोनी ठसा. पावलं नव्हती. ठशाशेजारी एका हाताचा पंजा. खोल. अख्ख्या माणसाचा भार पेललेला."

नवऱ्याने घसा साफ केला. "आणि तो आकडा?"

"घातला अहवालात. बेरीज जुळली. एका केसाचाही फरक नाही. चढ बसत होता, पूल बसत होता. गाडी जाऊ शकत होती. तसं स्वच्छ लिहून दिलं त्याने." सासऱ्यांनी खिशातला चष्मा हातात घेतला, पण लावला नाही. "सहा महिन्यांनी फाइल परत आली. प्रवासी पुरेसे नाहीत. प्रकरण कायमचं बंद."

सुनेने विचारलं, "हे लग्नाच्या आधीच?"

"हो."

"मग दोन वर्षांत येणार, असं तुम्ही आईला का सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं तेव्हा चेहरा असा होता, बाळ..." त्यांनी चष्म्याची काडी उघडली, पुन्हा मिटली.

दिवे आले. सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. ती उठली आणि कप गोळा करून आत गेली.

एप्रिलच्या नऊ तारखेला पहाटे भावाचा फोन आला, आईला धाप लागली आहे. ती पहिल्या बसने निघाली. घाटात दोन तास गाड्या अडकल्या होत्या. गावाबाहेरच्या ओढ्याशी बस पोचली तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि भावाने फोनवर सांगून टाकलं होतं, की आता घाई करू नकोस.

इंजिन तापलं म्हणून ड्रायव्हरने तिथेच बस थांबवली. ती उतरली. ओढा कोरडा होता. पलीकडे पांढरा दगड होता, रंग उडालेला. जमीन उन्हाने भेगाळलेली.

ती ओढा ओलांडून गेली. दगडासमोर चुन्याची रेघ होती. लांब, सरळ. ताजी. तिने बोट लावलं, तर बोट पांढरं झालं.

रेषेच्या मागे, बरोबर वीतभर अंतर सोडून, दोन अनवाणी पावलं उमटली होती. ओली. शहराकडे तोंड करून. तिथवर येणारी पावलं नव्हती, तिथून जाणारी नव्हती.

ती खाली बसली आणि डाव्या पावलाची बोटं मोजली. मग पुन्हा मोजली.

सहा होती.