गालिच्याची तिसरी तक्रार

आपण चुकीच्या दारात उभ्या आहोत, हे काजलला दार उघडल्यावरच कळलं. समोर एक उंच तरुण, त्याच्या पायाशी पांढराशुभ्र गुबगुबीत कुत्रा... आणि त्या कुत्र्याचे केस तरुणाच्या शर्टावर, पँटवर आणि एक तर चक्क भुवईवर!

"गालिचा साफ करायले आली मी. यमुताईंनी बोलावलं."

"त्या वरच्या मजल्यावर राहतात जी," तो म्हणाला, आणि ती वळताच घाईघाईनं पुढे, "पण... गालिचा तं आमच्याकडंही हाये. त्याची हालत पाहता का?"

हसू दाबत ती वर गेली, आणि यमुताईंचं काम आटोपून खाली त्याच दारात आली.

त्याचं नाव भूपेश. उमरेडकडच्या एका गावातला शेतकऱ्याचा मुलगा, लकडगंजात बियाण्यांच्या दुकानात नोकरीला. कुत्र्याचं नाव कापूस. काजलनं रबरी हातमोजा ओला केला आणि गालिच्यावरून एकाच दिशेनं हात ओढत नेला. केसांच्या जाड वळ्या निघू लागल्या. भूपेश बघत राहिला... गालिच्याकडे कमी, तिच्याकडे जास्त. तिला ते कळत होतं. न कळायला ती काय दगड होती?

"जादू हाये तुमच्या हातात."

"जादू नाही जी. घरी चार पिढ्या हातमाग होता आमच्या. लव कोणत्या अंगाले झुकते, ते बोटालेच समजते." निघताना तिनं ठसक्यात बजावलं, "रोज कापूसले गॅलरीत विंचरा, अन् ओला मोजा फिरवा. तरी पंधरा दिवसांत केस दिसले तं फोन करा. मी फुकटात येईन."

तिथंच ती फसली! चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. ती गेली, घाईघाईनं मोजा फिरवून गालिचा लख्ख केला, त्यानं केलेला आल्याचा चहा प्यायली. चहा घेताना त्याची नजर तिच्या नजरेला भिडली, आणि कप बशीत जरा जोरातच आदळला. आठवड्यानं पुन्हा फोन — "केस दिसून राहिले जी..."

आता मात्र काजलचा धीर सुटला. हिंगण्याच्या कंपनीतली नोकरी सोडून हे काम सुरू केल्याला तीनच महिने झाले होते. तिथल्या कामिनीताईंनी कालच निरोप दिला होता, जागा रिकामी आहे; आज पाचपर्यंत सांगायचं होतं. स्कूटीवर बसतानाच तिनं ठरवून टाकलं. आजही केस निघाले, तर हे काम आपल्याला जमत नाही. सरळ हो म्हणायचं. मग वाटेत डोळे का भरून आले? काम सुटणार म्हणून, की ते दार पुन्हा दिसणार नाही म्हणून? तिचं तिलाच उमगेना.

ती गालिच्यावर गुडघे टेकून बसली. बोटं फिरवली, आणि थबकली. केस लवेत अडकलेलेच नव्हते! नुसते वर पडलेले होते. आणि तेही... ओळीत? भिंतीपासून खिडकीपर्यंत एक सरळ ओळ, मग वीतभर जागा, मग दुसरी ओळ.

"भूपेशजी, तुमचा कापूस ओळीत झोपते का?"

"म्हणजे?"

"ही पेरणी हाये, पेरणी! शेतकऱ्याच्या पोराचा हात दिसून राहिला मले."

भूपेशचे कान लालबुंद झाले. "रोज गॅलरीत विंचरतो जी त्याले, तुम्ही सांगितलं तसं. पण ते केस... जपून ठेवतो. तुम्हाले बोलवायले दुसरं कारणच सुचून नाही राहिलं."

म्हणजे तिचं काम चोख होतं! काजलला नाचावंसं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी तिच्या रागाचा पारा चढला.

"अन् मी समजून राहिली का मले कामच येत नाही! आज नोकरीले होकार देणार होती मी. तुमच्यापायी!"

भूपेशचा चेहरा पांढराफटक पडला. "हे माहीत नव्हतं मले... खरंच चुकलं. काजल, तू मले आवडते. पहिल्या दिवसापासून. पण माझ्या खुळेपणापायी तुझं काम बंद नको पडू देऊ. नको असंन तं पुन्हा फोन नाही करत."

तेवढ्यात तिचाच फोन वाजला. कामिनीताई! काजल भूपेशकडे एकटक बघत फोनमध्ये म्हणाली, "नाही ताई, मी नाही येत. मले माझं काम येते... चांगलंच येते!"

मग तिनं पिशवीतला मोजा काढून त्याच्यापुढे टाकला. "बस खाली. सगळ्या ओळी काढ."

तो लगेच बसला आणि नेमका उलटा हात फिरवू लागला. "असं नाही... असं," म्हणत तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. ओळ संपली, तरी हात तिथंच राहिला. कापूस दोघांच्या मधे घुसून लोळला आणि दोघांच्या अंगावर केसच केस झाले.

"काजल... उत्तर नाही दिलं तू."

"येडा कुठचा!" तिला हसू आवरेना, गाल तापले होते. "सरळ चहाले बोलवायचं ना गा! पहिल्याच दिवशी हो म्हटलं असतं मी."