चटया झटका

मे १९९८ मधल्या एका मंगळवारी संध्याकाळी ठमी बदलापुरात, कात्रपला माझ्या घरी आली. चप्पल काढली आणि पाणी हातात घेऊन न पिताच म्हणाली, "गुरुजी, खरं सांगा, तुम्ही माझी मस्करी करताय का?"

ठमी माझी जुनी विद्यार्थिनी. बारवी धरणाच्या पाण्याखाली गेलेली उंबरवाडी, तिथल्या एकशिक्षकी शाळेत ती चौथीपर्यंत माझ्याकडे शिकली. पुढे आश्रमशाळा, बारावी, मग बदलापुरात कॉम्प्युटरचा कोर्स. आता बाविसाव्या वर्षी ती मोरिवलीजवळच्या एका रंगाच्या कंपनीत मेल सर्व्हर सांभाळत होती. वाडीतून खुर्चीवर बसून काम करणारी ती पहिलीच.

"कसली मस्करी?" मी विचारलं.

तिने पर्समधून कागदाची घडी काढली. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत दोनच ओळी होत्या. खिडक्या उघडा. चटया झटका. प्रत्येक ओळीपुढे यंत्राचा शेरा होता : आज्ञा ओळखता आली नाही.

मी चष्मा पुसून परत वाचलं.

प्रकरण असं होतं. कंपनीचे पन्नासेक विक्रेते देशभर पसरलेले. सगळ्यांना एकदम पत्र जावं म्हणून सर्व्हरवर एक यादी होती. नाव घाल, नाव काढ, असे हुकूम सर्व्हरला पत्रातूनच द्यायचे, एका ओळीत एक. ओळखीचा हुकूम तो पाळायचा. अनोळखी असला की तसा शेरा मारून रिपोर्ट पाठवायचा. पहिलीच्या मुलासारखा होता तो. कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचा.

शुक्रवारी सकाळी दहा-चाळीसला पहिली ओळ आली, सोमवारी त्याच वेळेला दुसरी. दोन्ही वेळा विक्रेत्यांची मेल काही वेळ अडकली. पाठवणाऱ्याच्या जागी ठमीचाच पत्ता आणि तिचाच पासवर्ड.

"चटया झटका दुसऱ्या कोणत्या शाळेत म्हणतात, गुरुजी?"

कोणत्याच नाही. आमच्या बारदानाच्या चटयांच्या घडीत विंचू शिरायचे, म्हणून तो हुकूम मी घालून दिला होता. शाळा साडेदहाला भरायची. खिडक्या उघडा, चटया झटका, पाट्या काढा, हजेरी. रोज याच क्रमाने. कोणी गैरहजर असलं की त्याला घरून आणायला मी दोन मुलं पाठवायचो. बहुतेक वेळा ठमी आणि भिकी. दोघी एका चटईवर बसायच्या आणि कोणाच्याही दारात जाऊन त्याला उठवूनच आणायच्या.

"मी नाही गं पाठवलं," मी म्हणालो. "मला तर अजून मेल नीट उघडता येत नाही."

"तेच मी साहेबांना सांगितलं. ते म्हणतात, तूच टाइमपास करतेस."

बुधवारी मी तिच्याबरोबर कंपनीत गेलो. ऑफिसात पंखा, जुना एसी आणि रंगाचा गोडसर, घशाला लागणारा वास. उल्हासनगरचे सजनानी साहेब दारातच भेटले. माणूस वाईट नव्हता, वैतागलेला होता.

"मास्टरजी, लडकी अच्छी आहे. पण सकाळी-सकाळी मेल जॅम. डीलर लोक फोनवर माझी आरती करतात. शनिवारपर्यंत ठीक झालं नाही तर मी दुसरा माणूस बघेन. मग मला बोलू नका."

तिची आई अजून वीटभट्टीवर जात होती. नोकरी गेली तर आईच्या शेजारी तिची जागा ठरलेली होती.

दहा-चाळीसला तिसरी ओळ आली. पाट्या काढा. आज्ञा ओळखता आली नाही.

चूक सापडत नसेल तर पहिल्या ओळीपासून परत सुरुवात करायची, असं मी मुलांना नेहमी सांगत आलो. ठमीने तसंच केलं. पासवर्ड बदलला. यादी पुसून नव्याने केली. मुंबईहून इंजिनियर बोलावला. त्याने दिवसभर सर्व्हर पालथा घातला, चार चहा प्यायला आणि जाताना म्हणाला, "मॅडम, मशीनमध्ये काही नाही. स्टाफमध्ये बघा."

"बघितलं ना, गुरुजी? फिरून माझ्यावरच," ठमी म्हणाली. "डोकं आउट झालंय माझं."

गुरुवारी तिने फोनची वायर काढून ठेवली. ऑफिसातले बाकीचे कॉम्प्युटरही बंद केले. सर्व्हर एकटा चालू राहिला, कुठेही न जोडलेला.

दहा-चाळीसला चारही ओळी आल्या. पहिल्या तिन्हींपुढे नेहमीचा शेरा होता. चौथीपुढे काहीच नव्हतं.

हजेरी.

त्या शब्दापुढे छोटा चौकोन उघडझाप करत राहिला. वायर परत लावली, तरी एकही मेल हलेना. कळ दाबली तर टिक्क आवाज, बाकी काही नाही. यंत्र बंद करून चालू केलं, तोच शब्द, तोच चौकोन. दुपारी एकला, शाळेची मधली सुट्टी व्हायची तेव्हा, सगळं आपोआप सुटलं.

शुक्रवारी पुन्हा तेच. ठमीने टेबलावर मूठ आपटली आणि मग बराच वेळ मूठ चोळत बसली.

"नाही ओळखलं तर नाही म्हण ना, बाबा," ती पडद्याला म्हणाली. "तीन वेळा म्हणतोस, मग चौथ्याला का नाही?"

"त्याने हजेरी ओळखली आहे, ठमे," मी म्हणालो. "नावांची वाट बघतोय."

तिने चौकोनाकडे बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली.

त्या रात्री मी मनातल्या मनात सगळी मुलं मोजली. एकोणीस. नवसू रिक्षा चालवतो, देऊ बारवीला पंपावर आहे, भिकी वांगणीला दिली. एकोणीसच्या एकोणीस धडधाकट आहेत. उंबरवाडीत कोणी बुडालं नाही. पाणी वर यायच्या आधीच वाडी उठली होती.

शनिवारी पावणेअकराला चौकोन लुकलुकत असताना मी ठमीला जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

"वाडी उठली तेव्हा नव्या जागी शाळा मंजूर व्हायची होती. जुनी बंद दिसली असती तर मंजुरी अडकली असती. तुम्ही सगळी घरी बसली असती. म्हणून मी हजेरीचं मस्टर चालू ठेवलं. अकरा आठवडे, रोज, एकोणीस हजर. मी घरी बसून लिहायचो. शाळेवर तेव्हा दोन पुरुष पाणी होतं."

"आमच्यासाठीच ना?" ठमी म्हणाली.

"हो. पण अकरा आठवडे मी कोणाला हजर मांडलं?"

काचेपलीकडून सजनानी साहेबांनी घड्याळाकडे बोट दाखवलं.

मी खुर्ची पुढे ओढली. एका बोटाने, मस्टरच्या क्रमाने, पहिलं नाव दाबलं; या वेळी अक्षरं उमटली. नवसू.

पडद्यावर नावापुढे शब्द उमटला. हजर.

देऊ. हजर.

धाकलू. हजर.

एकही नाव अनोळखी निघालं नाही.

अठरावी भिकी. हजर.

एकोणिसावं नाव ठमीचं. मी पहिलं अक्षर दाबायच्या आधीच शब्द आला होता.

"गुरुजी," ठमी अगदी हळू म्हणाली, "मी तर इथं आहे."

मग सर्व्हरच्या आत काहीतरी खरखरलं आणि अडकलेली मेल एकेक करून जाऊ लागली. सजनानी साहेब आत आले, पडद्याकडे बघितलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "बघा, झालं ना? मास्टर तो मास्टर." ठमीची नोकरी राहिली. तिने चहा मागवला. आम्ही दोघांनीही तो अर्धाच प्यायला.

सोमवारी अकराच्या सुमारास माझ्या घरचा फोन वाजला.

"गुरुजी, सगळं ठीक आहे," ठमी म्हणाली. "मेल थांबली नाही. हुकूमही नाही आले. फक्त एक रिपोर्ट आलाय. वाचू?"

"वाच."

"हजर एकोणीस. गैरहजर एक." ती थांबली. "गैरहजरपुढे गुरुजी लिहिलंय."

त्या अकरा आठवड्यांत मी एकदाही पाण्याकडे गेलो नव्हतो.

"खाली अजून एक ओळ आहे. आणायला पाठवली, ठमी आणि भिकी." ती हसली, पण हसू मधेच तुटलं. "आता मी इथं टेबलावर बसलेय ना, गुरुजी?"

"हो," मी म्हणालो. "तू तिथंच बस."

माझ्या दाराला बेल आहे. ती वाजली नाही. दारावर टकटक झाली, कडीच्याही खाली, साधारण माझ्या कंबरेच्या उंचीवर.