चिंच लागलेला मोती

नारळ ओमकारचा फुटला आणि वर्षालीचा तसाच राहिला. नारळीपौर्णिमेच्या त्या दुपारी मालवणच्या बंदरावर जमलेल्या गर्दीने एवढंच पाहिलं, हसली, टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या जोडीकडे वळली.

दोघांची ओळखपाळख काहीच नव्हती. वर्षाली देवबागची. वडील तुकाराम होडीवर, आई मथुरा मालवणच्या बाजारात मासे विकायला, आणि घरच्या दोन खोल्यांत पर्यटक उतरायचे त्यांचं सगळं वर्षालीकडे. बायकांच्या स्पर्धेत तिने सात जणींचे नारळ फोडले होते आणि अंगात वारं शिरलं होतं. तिच्या मैत्रिणीने, सलोनीने, कडेला नुसताच नारळ धरून उभ्या असलेल्या एका मुलाकडे बोट दाखवलं. "ह्येचो पण फोड गो. कधीचो धरून उभो आसा."

एकाने नारळ मुठीत धरायचा, दुसऱ्याने आपला त्यावर हाणायचा, ज्याचा फुटेल त्याने तो जिंकणाऱ्याच्या हवाली करायचा. ओमकारने धरला तोच चुकीचा, दूध ओतून घ्यायला वाटी पुढे करावी तसा. एका फटक्यात त्याच्या मनगटांवरून पाणी ओघळलं.

जिंकलेल्या मुलीची थोडी अपेक्षा असते. निदान "बरा मारलंस" एवढं तरी. पण हा नारळाची भकलं तिच्या हातात देता देता तिच्या बोटातल्या अंगठीकडेच बघत राहिला… तोंडाकडे एकदासुद्धा नाही.

"ह्या मोत्याक काय लावलंस?"

"चिंच," वर्षाली म्हणाली. "चांदी काळी पडली होती. काल घासून काढलंय."

"मोत्याक चिंच?" त्याच्या चेहऱ्यावर दुःखच पसरलं. "कोण आपल्या डोळ्याक चिंच लावता?"

वर्षालीने अंगठीकडे बघितलं. कालपासून तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं खरं. चांदी लखलखत होती आणि मोती… मोती चुन्याच्या खड्यासारखा पांढरा पडला होता.

"बाजारात दाजी सोनार, ते माझे काका," तो म्हणाला. "दुकानात घेवन ये. साल काढूची लागतली."

"कोणाची?"

"मोत्याची," म्हणून तो हसला, आणि मग मात्र त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं. डोळे तपकिरी, पापण्यांवर नारळाचं पाणी. वर्षालीने एवढं बघायला नको होतं, पण बघितलं.

*

तो मोती विकत घेतलेला नव्हता. वर्षाली दहा वर्षांची असताना खाडीच्या खडकावरची कालवं फोडत बसली होती आणि एका कालवात तो निघाला. वाटाण्याएवढा, एका बाजूने चेपलेला. त्या वेळी वडिलांच्या होडीचं इंजिन बंद पडून दोन दिवस काही पत्ता नव्हता. घरात चूल पेटली नव्हती. मोती मुठीत घेऊन ती आईकडे पळाली, आणि आई काही बोलणार तेवढ्यात किनाऱ्यावर ओरडा झाला, होडी इली म्हणून.

त्या दिवसापासून मोती म्हणजे बाबांची होडी, असं तिच्या मनाने घेतलं. लोक मोत्याला चंद्राचं रत्न म्हणतात, मन शांत ठेवतो म्हणतात. वर्षालीचं मन शांत राहायचं ते एवढ्याचसाठी की मोती बोटात असेपर्यंत बाबा घरी येणार. बाबा पाण्यावर असताना तिने तो एकदाही काढला नव्हता. बारावीच्या परीक्षेत बोट सुजलं तरी नाही.

आणि आता नारळ वाहून झाला होता, आठ दिवसांत होडी बाहेर पडणार होती.

दाजींच्या दुकानात ओमकारने भिंग डोळ्याला लावून मोती बराच वेळ फिरवून पाहिला. "वरची साल मेली. मोती कांद्यासारखो असता, सालीवर साल. वरची सोललंय तर खाली चमक गावतली." तो थांबला. "नायतर कायेक मिळूचा नाय. आणि हात चुकलो तर मोतीच जातलो."

"तुझो हात चुकता?"

"नारळ धरताना चुकता."

तिला हसू आवरलं नाही. "कधी देतलस?"

"सोमवारी. मोत्याचा काम सोमवारीच करूचा असता."

त्याने अंगठीतून मोती सोडवला आणि एका चिमुकल्या मलमलीच्या पुरचुंडीत बांधून काळ्या दोऱ्याने आपल्या गळ्यात घातला. वर्षाली बघतच राहिली.

"डबीत ठेवलो तर सुकता तो," ओमकार जरा लाजत म्हणाला. "मोत्याक अंग लागता. माणसाचो ओलावो."

रिकामी अंगठी घेऊन ती घरी आली. स्कूटरवर सगळ्या वाटेत अंगठ्याने त्या खळगीला चाचपत होती.

*

सोनाराचा वायदा कसा असतो ते ज्याने कधी पाटल्या करायला टाकल्यात त्याला सांगायला नको. पहिल्या सोमवारी आभाळ होतं. साल काढायला लख्ख उजेड लागतो. दुसऱ्या सोमवारी गणपती तोंडावर आलेले, दुकानात उभं राहायला जागा नाही. मग पितृपक्ष. मग भिंगाला चीर गेली. ते कोल्हापूरहून बदलून यायला पंधरा दिवस लागले, म्हणे.

"माझो मोती?" वर्षाली दर सोमवारी दारातूनच विचारायची.

"हय आसा." ओमकार गळ्याशी बोट न्यायचा.

"दाखव."

मग तो दोरा वर ओढायचा, पुरचुंडी सोडायचा, आणि तिला काऊंटरवर वाकावं लागायचं. त्याच्या अंगाला सोनं तापवल्याचा, डाक द्यायच्या सवागीचा वास यायचा. मोती होता तसाच, आंधळा. तरी वर्षाली दर वेळी निरखून बघायची, आणि ओमकार तिला.

"केसांत काय माळलंस?"

"सुरंगी नाय ही. सुरंगेक अजून वेळ आसा. अबोली."

"बरी दिसता."

"मोती बघ तू," ती म्हणायची, आणि स्कूटर सुरू करताना आरशात आपलंच तोंड बघून घ्यायची.

त्या मोसमात बाबा पहिल्यांदा होडी घेऊन गेले त्या दिवशी ती सकाळपासून वाळूवर उभी होती. मोती नाही, अंगठी रिकामी. संध्याकाळी होडी बांगड्यांनी भरून आली. पुढच्या वेळीही आली. ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी होडी परत येऊन बाबा जेवायलाही बसले, आणि वर्षालीच्या लक्षात आलं की आज आपण वाट बघायलाच विसरलो. दिवसभर तिने फक्त मोजलं होतं, सोमवारला किती दिवस उरले ते. ते मनात आलं तशी ती पानावरच कानापर्यंत लाल झाली, आणि आईने विचारलं, "तिखट झाला काय गो?"

तिचं प्रेम बसलं होतं. वाईट होतं ते एवढंच की आठवड्याला सोमवार एक आणि बाकीचे दिवस सहा.

*

तुळशीची लग्नं लागली त्या आठवड्यात सोमवारी ओमकार दुकानात नव्हता. दाजी एकटेच सोन्याची तार ओढत बसले होते.

"कपडे घेवक गेलो तो," दाजी म्हणाले. "उद्या सकाळची गाडी ना! मोपाच्या विमानतळार जातलो, थंयसून बहरीनाक. मोत्याचेच व्यापारी आसत, दोन वर्सांचो करार. गणपतीतच ठरला. तुका बोललो नाय?"

गणपतीतच ठरलं होतं. म्हणजे पितृपक्ष, भिंगाची चीर… हे सगळं होत असताना त्याला माहीत होतं. वर्षाली दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. बाजारातून मासे घेऊन जाणाऱ्या बायका तिला ओळखून हाका मारत होत्या आणि तिला एकीचंही नाव आठवत नव्हतं.

तासाभराने तो आला. हातात पिशव्या. तिला बघून पायरीखालीच थांबला.

"मोती दी माझो," ती म्हणाली. "सोलूक नको. आसा तसो दी."

ओमकारने पिशव्या खाली ठेवल्या. दोरा काढण्यासाठी हात मानेमागे नेला आणि तिथेच राहिला.

"भिंगाक चीर गेलीच नव्हती," तो म्हणाला.

"ता कळला माका."

"पयल्या सोमवारी खरोच भियेलंय. फुटलो तर तू माझ्या तोंडाकडे परत बघूची नाय म्हणान. मगे…" तो अडखळला. "मगे वाटला, झालो तर काय? मोती झालो की तू घेवन जातलंस. मगे सोमवारी हंय कोण येतला?"

"विचारूचा होतास माका."

"आता विचारतंय."

"आता तू चललस." डोळ्यांत पाणी आलं म्हणून वर्षालीला स्वतःचाच राग आला. तिने नाक पुसलं. ती त्याच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याकडे बघत राहिली. उद्या तो जाणार, आणि आपण मेलेला मोती घेऊन देवबागला जाणार, आणि दोघांनाही जन्मभर कळणार नाही त्या सालीखाली काय होतं ते. हे तिला सहन होईना.

"बस," ती म्हणाली. "सोल."

"आता?"

"माझ्यासमोर."

"फुटलो तर?"

"फुटलो तर फुटलो. पण तुझ्या हातान."

दाजींनी आपलं बसकर उचललं आणि दारातला उजेड मोकळा केला. ओमकार बसला. डोळ्याला भिंग, हातात नखाएवढी सुरी. सुरी मोत्याला लावता लावता तो थांबला. वर्षालीने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि काढला नाही. पहिला पापुद्रा निघाला तो कांद्याच्या सालीहून पातळ होता. खाली पांढरंच. दुसरा. पुन्हा पांढरं, वर एक खरचटा. ओमकारने वर बघितलं. तिने मान हलवली, पुढे कर म्हणून. तिसऱ्या पापुद्र्याला सुरी जराशी अडली, मग सालीचा तुकडा आपणहून सुटून आला.

खाली उजेड होता. देवबागला खाडी समुद्राला मिळते तिथे दिवस मावळताना पाण्यावर जो रंग येतो, तो. गुलाबी म्हणावा तर निळा.

दाजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत घातला.

ओमकारने उरलेली साल काढली, मोती मऊ कापडाने पुसला आणि तिच्या अंगठीत ठेवून पाहिला. मोती खळखळला. वाटाण्याचा आता जेमतेम तुरीच्या दाण्याएवढा उरला होता, आणि खळगी होती तेवढीच.

"नवी अंगठी करूची लागतली," तो हळूच म्हणाला. "चार दिवस तरी होये. माका उद्या सकाळी…"

"मगे इल्यावर कर."

"दोन वर्सां, वर्षाली."

"सोनाराचो वायदो. मी तीन धरतंय."

तिने त्याच्या हातातून मोती घेतला, मलमलीत गुंडाळला, गाठ मारली. मग त्याच्या मागे जाऊन काळा दोरा त्याच्या गळ्यात बांधला. तिची बोटं त्याच्या मानेला लागली तेव्हा तो श्वास घ्यायचा थांबला.

"असो कसो देतंस?" तो न वळताच म्हणाला. "तुझो बापूस दर्यात आसा. तूच सांगलंस, ह्यो मोती म्हणजे तेंची होडी."

"बाबा तीस वर्सां दर्यात जातत," ती म्हणाली. "तेंका घरची वाट ठाऊक आसा. तुका नवी आसा."

ओमकार वळला. दाजी रस्त्याकडे तोंड करून उभे होते, आणि आपल्याला काही ऐकू येत नाही असं त्यांनी बऱ्यापैकी दाखवलं.

*

बहरीनहून सोमवारी फोन येतो. तिकडे तेव्हा दुपार नुकती होत असते. "मोती?" वर्षाली विचारते. "हय आसा," तो म्हणतो, आणि कॅमेऱ्यासमोर दोरा वर ओढतो. काही वेळा एवढंच बोलणं होतं. फोन ठेवल्यावर मग दिवस फार लांब होतो. माडावरचा वारा ऐकू येतो, पर्यटकांना चहा द्यायचा राहून जातो. सुरंगी फुलली तेव्हा तिने गजरा केला, माळला, आणि कुणी "बरी दिसता" म्हणालं नाही म्हणून घरात जाऊन रडली.

रिकामी अंगठी तिच्या बोटात आहे. खाऱ्या वाऱ्याने चांदी काळी पडते. म्हणून दर रविवारी, सोमवारच्या आदल्या दिवशी, ती पडवीत बसून चिंचेचा गोळा घेऊन ती घासते. आता चिंचेने बिघडावं असं तिच्यात काहीच नाही.

परवा मथुराबाई टोपली उतरवता उतरवता थांबल्या. लेकीकडे थोडा वेळ बघत राहिल्या.

"मोती नाय, काय नाय. रिकामी अंगठी कित्याक गो इतकी घासतंस?"

वर्षालीने अंगठी पाण्यात बुडवली, पदराला पुसली, उजेडात धरली. खळगी लखलखत होती.

"जागा घासून ठेवतंय, आये," ती म्हणाली.

मथुराबाई आत गेल्या आणि डब्यातली नवी चिंच काढून तिच्यापुढे ठेवली.