दोघांसाठी रंगवलेली भिंत

स्कूटी लावून आचल भिंतीपाशी आली, तोच शिडीवरून आवाज आला, "मॅडम, जरा भिंतीले टेकून उभ्या राहता का? मले बाईची उंची पाह्यजे."

गंमत म्हणून ती उभी राहिली. रंगानं माखलेल्या शर्टातला तो पोरगा खाली उतरला आणि तिच्या डोक्याच्या उंचीला भिंतीवर खडूनं रेघ ओढली— जपून, केसालाही हात लागणार नाही अशी. मग तिनं सांगितलं, की ज्या चहा कंपनीची ही जाहिरात, तिच्याच अमरावती ऑफिसातून ती काम पाहायला आली आहे. तो असा ओशाळला, की हातातला खडूच खाली पडला. विपुल त्याचं नाव. बाळापूरचा.

गाडगेनगरच्या त्या भिंतीवर त्यानं आठ दिवसांत भलीमोठी किटली रंगवली. किटलीतून दोन धारा, खाली दोन कप, आणि जमिनीवर पावलांच्या दोन जोड्या. पावलांवर उभं राहून दोघांनी हात पुढे केले, की फोटोत कप हातात धरल्यासारखे दिसायचे. फोटो कंपनीला पाठवला की शेजारच्या टपरीवर दोन चहा फुकट. वर कंपनीच्या पुण्यातल्या मुख्य ऑफिसातून आलेली ओळ होती— 'तुमच्या खास व्यक्तीसोबत'.

पण कोणी येईना. तिथल्या साहेबांनी फोनवर बजावलं, शनिवारपर्यंत गर्दी दिसली नाही तर भिंत पांढरी करा. आचलची ही पहिलीच जबाबदारी. टपरीच्या बाकावर ती तोंड पाडून बसली.

"भर रस्त्यावर कोण सांगन, का हे माह्यं खास माणूस हाये म्हणून?" विपुल म्हणाला. "लाजतात लोक. आपल्याकडं जसं इचारतात तसं लिहू ना."

साहेबांना न विचारताच तिनं होकार दिला. त्यानं जुनी ओळ पुसून लिहिलं— 'चहा घेता का जी?'

शुक्रवारी भातकुलीहून बाजाराला आलेलं एक म्हातारं जोडपं तिथं थांबलं. महादेवरावांनी ती ओळ मोठ्यानं वाचली, कौशल्याबाईंकडे बघत. "घेतो नं," म्हणत त्या डोक्यावरचा पदर सावरून सरळ पावलांवर जाऊन उभ्या राहिल्या. सगळा रस्ता हसला, आणि संध्याकाळपर्यंत रांग लागली.

भिंत वाचली, काम मात्र संपलं. विपुलला आता कंपनीचीच अकोल्यातली भिंत रंगवायची होती. निघताना तो कितीतरी वेळ ब्रशच धूत राहिला... मग म्हणाला, "येतो मॅडम."

आचलला वाटलं होतं, दोन दिवसांत त्याला विसरू. तीन आठवडे झाले, तरी विसरली नाही. घरी रविवारी पाहुणे यायचे ठरले, मुलगा इंजिनियर. शनिवारी तिनं आईला नाही म्हणून सांगितलं. आईनं कारण विचारलं, तर म्हणाली, उद्या सांगते. आणि सकाळी अकोल्याची बस धरली.

तो शिडीवर उभा राहून आभाळ रंगवत होता.

"मॅडम? तुमी इथं कावून?"

"आईनं पाह्यलेल्या पोराले नाही म्हणून आली मी. मले... तू आवडतो."

पहिल्यांदाच ती त्याला 'तू' म्हणाली होती. ब्रशवरचा निळा रंग ओघळत त्याच्या कोपरापर्यंत आला.

"पाच दिवसांपासून तुमाले फोन लावतो अन् कट करतो," तो हळूच म्हणाला. "काय काम हाये म्हणून सांगावं, तेच सुचत नव्हतं."

"मंग आता खाली ये अन् सांग."

"येतो. पण... पाय थरथरून राहिले माहे."

आचलनं पर्स खाली ठेवली आणि शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"उतर हळू. मी धरली हाये."