कुलपाभोवतीचे ओरखडे

चावीवाल्याचं दुकान म्हणजे दुकान कसलं, दोन इमारतींमधली फट होती. एकीकडे चपलांचं दुकान, दुसरीकडे औषधांचं, आणि दोघांनी अंग चोरल्यामुळे उरलेल्या जागेत एक स्टूल, चार कानशी, चाव्या कापायचं यंत्र आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या चाव्या. माणूस कामात मात्र वाकबगार. कुणाचं दार अडो की कुणाची तिजोरी रुसो, पहिलं नाव त्याचंच निघायचं. आणि तरीही बाजारातले लोक त्याच्या पाठीमागे एकच विनोद करायचे, "सगळ्यांची कुलपं उघडतो गडी, फक्त स्वतःच्या घराला चावी लागत नाही त्याची."

विनोद खरा होता आणि तो किती खरा आहे हे त्याच्या बायकोला रोज संध्याकाळी कळायचं. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची आणि त्याच्या आधी घरी यायची. स्वयंपाकघरात हात चालू असायचे, पण कान दाराशी. तो शुद्धीत असला की चावी एका दमात आत जायची. पिऊन आला की भोक सापडायचं नाही. मग चावी कुलपाभोवतीच्या पितळी पट्टीवर फिरत राहायची, किर्र, किर्र. त्या आवाजावरून आज किती झाली आहे हे तिला दार उघडण्याआधीच समजायचं.

थोडीच झालेली असली तर तो बाहेरूनच ओरडायचा, "फौजदारसाहेब, दार उघडा, आरोपी हजर आहे!" ती रोज त्याचे खिसे तपासायची, म्हणून फौजदार. त्या पहिल्या अर्ध्या तासातला माणूस फार गोड होता. तो नकला करायचा, तिला खुर्चीत बसवून स्वतः भांडी घासायचा. हे कबूल करायची तिला लाज वाटायची, कारण पुढचं सगळं तीच निस्तरत होती. शिव्या, फुटलेल्या बशा, आणि शेवटी न्हाणीच्या कोपऱ्यात बसून लहान पोरासारखं रडणं. "मला भीती वाटते गं," एवढंच तो म्हणायचा. कशाची, ते त्यालाही सांगता यायचं नाही.

मग एके दिवशी दुकानातच त्याला रक्ताची उलटी झाली.

दवाखान्यातली डॉक्टरीण तोडून बोलणारी होती. "भीती त्यांना आधीपासूनच होती. दारू हे त्यांनी स्वतःच शोधलेलं औषध. औषधानेच रोग वाढवला. आता झाकण काढलंय, तेव्हा आतलं सगळं वर येणार. उदास होतील, घाबरतील. गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि त्यांना एकटं पाडायचं नाही." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "आणि पुन्हा सुरू झाली, तर मात्र माझ्या हातात काही उरणार नाही. यकृत संपलंय त्यांचं."

उपचार संपवून तो घरी आला त्या दिवशी दार त्यानेच उघडलं. चावी एका दमात आत गेली. मागे पिशवी घेऊन उभ्या असलेल्या तिने तोंड भिंतीकडे वळवलं. त्या एका आवाजासाठी तिने अर्धं आयुष्य वाट पाहिली होती.

पण माणूस घरी आला आणि हसू दवाखान्यातच राहिलं. तो वेळेवर गोळ्या घ्यायचा, दारू सोडलेल्यांच्या बैठकीला जायचा, दुपारपर्यंत दुकान चालवायचा. बाकी वेळ भिंतीकडे बघत बसायचा. "काय करू जेवायला?" तर "काहीही चालेल." "बाहेर जाऊन येऊ या का?" तर "नको." हाताचा कंप गेला नव्हता, त्याने केलेल्या चाव्या गिऱ्हाईकं परत आणून द्यायची. एकदा तो आपणहून म्हणाला, "सकाळी जाग आली की छातीवर कुणीतरी बसलेलं असतं. मी उठलो तरी ते उठत नाही."

"उठेल हो, वेळ लागतो," ती म्हणाली. आगीतून निघून फुफाट्यात पडलो, असं तिला वाटलं, पण ते ती बोलली नाही.

तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा दोघं समोरासमोर जेवत होती. बाहेर नुकतं अंधारून आलं होतं. दाराच्या पितळी पट्टीवर काहीतरी फिरलं. किर्र. थोडं थांबून पुन्हा, किर्र.

तिचा घास हातातच राहिला. सवयीने तिच्या मनात आलं, आज जास्त झालेली दिसते. मग तिने समोर पाहिलं. तो समोरच बसला होता, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"शेजाऱ्यांचं कुणीतरी दार चुकलं असेल," ती म्हणाली. उठून तिने दाराच्या भिंगातून पाहिलं. जिन्यातला दिवा जळत होता, पायऱ्या रिकाम्या होत्या. आणि तिच्या पोटाच्या उंचीवर, दाराच्या पलीकडच्या अंगाला, चावी भोक शोधत होती.

तिने दार खाडकन उघडलं. कुणी नव्हतं. तो मागून आला, वाकला आणि उंबऱ्यावर सांडलेला पितळेचा चुरा त्याने बोटांवर घेऊन चोळला. "ताजा आहे," तो म्हणाला. मग तो बराच वेळ पट्टीवरचे ओरखडे बघत राहिला. "वरून डावीकडे घसरलेत. माझाच हात असा घसरतो."

ते रोजचंच झालं. त्याने पट्टी बदलली. दुसऱ्या दिवशी नव्या पट्टीवर ओरखडे होते. त्याने कुलूप बदललं, आपल्या हाताने बनवलं, कधी कुणासाठी बनवलं नव्हतं असं. त्या संध्याकाळी बाहेरची चावी नेहमीपेक्षा लवकर भोकापाशी आली आणि टोक आत टेकवून थांबली, विचार केल्यासारखी.

डॉक्टरणीने दोघांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. "दारू सुटताना भास होतात, पण ते आतापर्यंत थांबायला हवे होते. गोळ्या थोड्या बदलू या," ती त्याला म्हणाली. मग हिच्याकडे वळली. "आणि तुम्ही इतकी वर्षं त्या चावीकडे कान लावून जगलात. कानालाही व्यसन लागतं, बाई. तुम्हीही पुढच्या वेळी एकट्या येऊन भेटा मला."

सगळं पटण्यासारखं होतं. फक्त उंबऱ्यावरचा चुरा तिने त्याच सकाळी झाडून काढला होता.

घरी परतताना जिन्यात समोरच्या घरातल्या शिक्षिकाबाई भेटल्या. "तब्येत सुधारली हो तुमच्या यांची. काल संध्याकाळी जिन्यात बसले होते, काय मस्त नक्कल केली त्यांनी माझी! पोट दुखेपर्यंत हसले मी."

काल संध्याकाळी तो घरातच होता. दाराला पाठ लावून, कानांवर हात ठेवून बसला होता.

त्या दिवशी त्याने तिचे हात धरले. इतक्या वर्षांत त्याने तिच्याकडे असं काही मागितलं नव्हतं. "मी कुठलंही कुलूप केलं तरी तो उघडणारच. मला जे येतं ते त्याला येतं. तू दुसऱ्या कुणाकडून करून आण. मला दाखवू नकोस. चावी मला देऊ नकोस. कामावर जाताना मला आत बंद करून जा."

"अहो, काय बोलताय? आतच राहायचं, कोंडल्यासारखं?"

"त्याची मला भीती नाही वाटत गं," तो म्हणाला आणि रडायला लागला. "तो आला की मला बरं वाटतं. त्याच्याबरोबर जावंसं वाटतं. म्हणून सांगतोय."

तिने स्टेशनापलीकडच्या म्हाताऱ्या कुलूपवाल्याला गाठलं. नवरा बैठकीला गेलेला असताना म्हाताऱ्याने आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून चावी लागेल असं कुलूप बसवून दिलं. दोन्ही बाजूंना नव्या कोऱ्या पट्ट्या लावल्या. चावी एकच. तिने खात्रीसाठी जुनी चावी लावून पाहिली. ती आत गेली, फिरली नाही. "चावी जाईल कुठेही," म्हातारा म्हणाला, "फिरायला ओळख लागते." तिने जुनी चावी दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली, आणि नवी गळ्यात घातली.

कुलूप नवं, तरी संध्याकाळ जुनीच. ती जेवण वाढत होती, तो मान खाली घालून बसला होता, आणि किर्र, किर्र सुरू झालं. बराच वेळ. मग पहिल्यांदाच बाहेरून आवाज आला. खुशीतला, थोडा ओला.

"काय हो फौजदार, आरोपी स्वतःहून हजर झाला, आणि ठाण्यालाच कुलूप?"

ती हसली.

हसू नको होतं. पण ते आतून आलं, खोकल्यासारखं, आवरायच्या आत. किती महिन्यांनी आलं होतं. बाहेरचा आवाज तिथेच थांबला, जणू त्याला हवं ते मिळालं.

तिने घाबरून समोर पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. रागाने नाही.

"किती दिवसांनी हसलीस," तो म्हणाला.

"तसं नाही हो, मी आपली..."

"नाही, चांगलं वाटलं ऐकून." त्याने आपलं ताट धुतलं, गोळी घेतली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपताना म्हणाला, "मला त्याच्यासारखं नाही जमत."

त्यावर तिला पुष्कळ बोलायचं होतं. मला तुम्ही असेच हवे, मुके हवे, थरथरते हवे, फक्त जिवंत राहा. पण तिला वाटलं, सकाळी बोलू. सकाळी तो झोपलेला होता, उशीर झाला होता. तिने कुलूप लावलं आणि ती कामाला गेली.

दिवसभर तिने काचा घासल्या आणि दोन काचा फोडल्या. मालक म्हणाला, "घरी जा, आज तुझं लक्ष नाही." ती धावतच निघाली.

बाहेरच्या पट्टीवर नवा ओरखडा नव्हता. कुलूप तिने लावलं तसंच होतं. तिला हायसं वाटलं. तिने दार उघडलं आणि आत येऊन नियमाप्रमाणे पुन्हा कुलूप लावून घेतलं.

घरात सगळे दिवे लागले होते. भांडी घासून पालथी घातली होती. तो खुर्चीतून उठला, दोन्ही हात पसरून, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू होतं.

"या, फौजदारसाहेब!"

ती त्याच्याकडे बघत दाराशीच उभी राहिली. दारूचा वास नव्हता. बाटली नव्हती. त्याचे हात अगदी स्थिर होते.

"अशी काय बघतेस? बरा झालो मी," तो म्हणाला. "बस, आज मी वाढतो."

ती बसली. काय करावं ते तिला कळेना. त्याने म्हाताऱ्या कुलूपवाल्याची नक्कल केली, चालण्यासकट, खोकण्यासकट. त्या म्हाताऱ्याला तो कधी भेटला नव्हता.

तिची नजर दाराशेजारच्या खिळ्याकडे गेली. खिळा रिकामा होता.

बाहेर अंधारून आलं.

जिन्यात पावलं वाजली. सावकाश, दमलेली, पण सरळ. दारापाशी थांबली. आणि चावी कुलपात गेली.

एका दमात.

ती फिरली नाही. कुणीतरी ती पुन्हा हलक्या हाताने फिरवून पाहिली, मग काढून घेतली. मग दोन बोटांनी दार वाजवलं, परक्याच्या घरी वाजवावं तसं.

"अगं," बाहेरून तो म्हणाला, "मी आलोय."

ती उठली. मागून एक उबदार हात तिच्या खांद्यावर आला.

"उघडू नकोस," मागचा म्हणाला. "जाईल तो. थोडा वेळ थांबून जातो."

तिने गळ्यातली चावी ओढून काढली.

"अगं, आहेस का?"

"आहे हो! थांबा, थांबा तुम्ही!" असं ओरडायला तिने तोंड उघडलं, पण आवाज बाहेर पडला नाही.

बाहेरची पावलं वळली. एक पायरी उतरली. मग दुसरी.

तिने चावी कुलपाला लावली. भोक सापडेना.

आतली पितळी पट्टी अजून कोरी होती. तिच्यावर पहिला ओरखडा उठला, वरून डावीकडे.

किर्र.